दोरी, ब्रेड आणि पांढऱ्या फळ्या: इंग्रजीच्या वर्गात थीम कशी शोधायची

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात कादंबरीचा विभाग आहे आणि त्यावर 'थीम'चा प्रश्न विचारला जातो. रत्नागिरी असो, देवगड असो की वेंगुर्ला, उत्तराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: या उताऱ्याची थीम मैत्री आहे. किंवा माणुसकी आहे, किंवा जिद्द आहे. पुढे पानभर गोष्टीचा सारांश आणि शेवटी 'यातून आपल्याला असा बोध मिळतो की'. मुलं आळशी आहेत म्हणून असं होत नाही. गाईडमध्ये त्याच चार ओळी छापलेल्या असतात, आणि थीम नावाची वस्तू नेमकी असते कुठे, ती पुस्तकातून बाहेर काढायची कशी, हे त्यांना कुणी शेजारी बसून दाखवलेलं नसतं. किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवताना मला सर्वात जास्त वेळ याच गोष्टीला द्यावासा वाटतो. कारण हे एकदा जमलं की ते परीक्षेपुरतं राहत नाही. मोबाईलवर बघितलेल्या सिनेमाबद्दलही मुलं 'भारी होता'च्या पुढचं बोलायला लागतात.

आधी काही गोष्टी वेगळ्या करू. कथानक म्हणजे काय घडलं. विषय म्हणजे गोष्ट कशाबद्दल आहे: समुद्र, आई, गरिबी, युद्ध. तो एका शब्दात सांगता येतो. थीम, म्हणजे मराठीच्या तासाला आपण ज्याला आशयसूत्र म्हणतो ती, एका शब्दात मावत नाही. तिला पूर्ण वाक्य लागतं, कारण त्या विषयाबद्दल ही कलाकृती काय म्हणते आहे ते सांगायचं असतं. माझी कसोटी साधी आहे. तुमच्या वाक्यावर वर्गातल्या कुणाला तरी 'मला नाही पटत' असं म्हणता आलं पाहिजे. 'या नाटकाची थीम मृत्यू आहे' यावर कोण कशाला भांडेल? ज्यावर भांडताच येत नाही, त्यात अजून काही म्हटलेलंच नसतं.

आणि बोध? बोध वाचणाऱ्याला सांगतो की तू असं वाग. थीम सांगते की या पुस्तकाच्या जगात गोष्टी अशा चालतात. कित्येक उत्तम कलाकृती आपल्याला काहीच करायला सांगत नाहीत, पण जगाबद्दल खूप काही सांगतात. इसापनीती वाचून वाढल्यामुळे आपल्याला प्रत्येक गोष्टीच्या शेपटीला तात्पर्य बांधायची सवय लागलेली आहे. ती सवय इंग्रजीच्या वर्गात सर्वांत जास्त आड येते.

घरचंच उदाहरण घेऊ. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला. थीम काय, असं कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा, उत्तर येईल: आईचं प्रेम. हा झाला विषय. आता पोहण्याचा प्रसंग आठवा. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिचेच डोळे भरून येतात. दुसरा प्रसंग तर सगळ्यांना पाठ आहे. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगडं पसरायला लावतो. ती पसरते. त्याचा हट्ट पुरवते आणि त्याच दमात सांगते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही जप.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की काय दिसतं? एकीकडे मार आणि दुसरीकडे लाड, पण दोन्हीकडे आई देताना काहीतरी मागते आहे. मग वाक्य असं होईल: या पुस्तकातली आई मायेच्या प्रत्येक क्षणी मुलाकडून काही अपेक्षा करते, आणि त्या अपेक्षेची किंमत आधी स्वतः मोजते. यावर भांडता येतं. 'मारणं हे प्रेम कसं?' असं आजची मुलगी विचारते, आणि विचारायलाच हवं. तिला उत्तर द्यायचं तर पुन्हा पुस्तकात जावं लागतं, तिसरा प्रसंग शोधावा लागतो. वर्गात हे सुरू झालं की माझ्या लेखी तास सत्कारणी लागला.

आता इंग्रजीतलं एक नाटक घेतो आणि त्यापाशी थोडं जास्त थांबतो, कारण थीम कुठे सापडते हे त्याच्याइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. जॉन मिलिंग्टन सिंग यांची 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका १९०४ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा झाली. जागा: आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रातली अरन बेटं. घर म्हणजे एक स्वयंपाकघर. मॉर्या नावाच्या म्हातारीचा नवरा, सासरा आणि चार मुलगे समुद्रानं नेलेले. पाचवा, मायकेल, बेपत्ता आहे. उरलेला एकटा बार्टली आज घोडे विकायला पलीकडच्या जत्रेला निघाला आहे. आई अडवते, तो जातो. संध्याकाळच्या आत त्याचं प्रेत घरी येतं. झालं कथानक.

'थीम: समुद्राचं क्रौर्य' असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळता येईल. पण आमच्याकडची मच्छीमारांच्या घरची मुलं हे वाक्य मान्य करत नाहीत, आणि मला त्यांचं बरोबर वाटतं. समुद्र दुष्ट आहे असं त्यांच्या घरात कुणी बोलत नाही. नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देतात. बार्टलीसुद्धा समुद्राशी झुंजायला निघालेला नाही. तो सांगतो की पंधरा दिवस दुसरी बोट नाही आणि घोड्यांचा बाजार चांगला आहे. ही ओळ मुंबईच्या वाचकाच्या हातून निसटेल. इथं १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बाकीच्या दिवसांतही वारा ठरवतो, आणि डिझेलचं बिल तर थांबत नाही. ज्यांच्या घरी असे दिवस मोजले जातात त्यांना बार्टलीचं जाणं लगेच कळतं. पोटासाठी चालला आहे तो.

म्हणजे मोठे शब्द बाजूला ठेवायचे आणि घरातल्या वस्तूंकडे बघायचं. पडदा उघडतो तेव्हा स्वयंपाकघरात जाळी आहेत, चरखा आहे आणि भिंतीला टेकवलेल्या नव्या फळ्या आहेत. त्या पांढऱ्या फळ्या आईनं मायकेलच्या शवपेटीसाठी विकत आणल्या आहेत, त्याचं प्रेत सापडलंच तर हवं म्हणून. एक नवी दोरी आहे. बार्टलीला ती घोड्याच्या लगामासाठी हवी आहे. आई म्हणते राहू दे, मायकेल सापडला तर खोल कबरीत पेटी सोडायला लागेल. एकच दोरी, जिवंत मुलाला घोडा हाकायला आणि मेलेल्याला पुरायला. मोठी मुलगी कॅथलीन ब्रेड भाजायला ठेवते, बार्टलीला वाटेत खायला. भांडणाच्या भरात तो ब्रेड न घेताच निघून जातो. मग दोघी बहिणी आईला ब्रेड घेऊन पाठीमागून पाठवतात. तीही तो त्याला देऊ शकत नाही, परत घेऊन येते. शेवटी एका म्हाताऱ्याला बार्टलीची शवपेटी करायला सांगताना कॅथलीन म्हणते की काम करताना खायला ताजा ब्रेड आहे.

हा ब्रेड नीट बघा. मुलासाठी भाजलेला आणि त्याची पेटी ठोकणाऱ्यांच्या वाट्याला गेलेला. फळ्याही मायकेलसाठी आणलेल्या, लागल्या बार्टलीला. नाटकात कुणी भाषण करत नाही, वस्तूच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. आई बाहेर पडताना मायकेलची काठी हातात घेते आणि म्हणते ते थोडक्यात असं: बाहेरच्या जगात म्हातारे पोराबाळांसाठी वस्तू मागे ठेवून जातात, इथं तरुण जातात आणि वस्तू म्हाताऱ्यांसाठी राहतात. आता आपल्याला थीम वाक्यात मांडता येते. या घरात जगण्याचं सामान आणि मरणाचं सामान एकच आहे, आणि वारसा उलट्या दिशेनं वाहतो. हे वाक्य कुठल्याही गाईडमध्ये नव्हतं. ते दोरी, ब्रेड, फळ्या आणि काठी यांवरून आलं. कुणी विचारलं की कशावरून म्हणता, तर चार पुरावे हाताशी आहेत.

त्याच नाटकात आणखी एक बारीक जागा आहे. दूर उत्तरेला सापडलेल्या एका प्रेताचे कपडे पाद्र्यानं बहिणींकडे दिले आहेत, मायकेलचे आहेत का ते बघायला. आईला कळू नये म्हणून त्या लपवून गाठोडं सोडतात. सदऱ्यावरून खात्री पटत नाही, तसं कापड सगळीकडे मिळतं. मग धाकटी नोरा मोजा हातात घेते आणि टाके मोजते. हा मोजा तिनंच विणला होता, साठ टाके घातले होते आणि चार सुटले होते. भावाची ओळख पटते ती बहिणीच्या हातून सुटलेल्या टाक्यांवरून. मरणाबद्दल, मायेबद्दल आणि बायकांच्या कामाबद्दल नाटक एवढ्याशा विणकामात किती म्हणून जातं. हे वर्गात वाचताना मी काही समजावायला जात नाही. मुली आधीच गप्प झालेल्या असतात.

यातून एक पद्धत निघते. पहिल्यांदा वाचताना गोष्टीत बुडून जा, पेन्सिल नको. दुसऱ्यांदा वाचताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू, शब्द, हालचाली यांच्याखाली रेघ मारा. एकदा आलेली वस्तू सजावट असू शकते. तीच तिसऱ्यांदा आली की लेखकाचं काहीतरी काम आहे समजा. मग विचारा की सुरुवातीला ती कुणाकडे होती, शेवटी कुणाकडे गेली आणि मधे तिचा उपयोग कसा बदलला. पात्रांच्या बाबतीत त्यांनी काय ठरवलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे बघा. बहुतेक वेळा थीम या किमतीपाशी सापडते. शेवटही तपासा, कारण सुरुवातीला जे खरं वाटत होतं ते शेवटी तसंच राहिलं का, हा प्रश्न खूप काही उघडतो. मॉर्याच्या घरात सुरुवातीला पाद्र्याचे शब्द सांगितले जातात की देव तिला एकही मुलगा न ठेवता सोडणार नाही. शेवटी काय होतं ते आपण बघितलं.

दुसरं पुस्तकही समुद्राचंच आहे: हेमिंग्वे यांचं 'द ओल्ड मॅन अँड द सी', १९५२ मधलं. पु. ल. देशपांड्यांनी ते 'एका कोळियाने' या नावानं मराठीत आणलं, त्यामुळे गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. क्यूबाचा म्हातारा सँटियागो ८४ दिवस एकही मासा न मिळता राहतो, मग दूर खोल समुद्रात जातो, आपल्या होडीपेक्षा लांब मार्लिन पकडतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क तो मासा खाऊन टाकतात. उरतो सांगाडा.

इथलं ठरलेलं उत्तर म्हणजे 'जिद्द'. पुस्तकात त्याला आधारही आहे. माणूस नष्ट होऊ शकतो पण हरत नाही, अशा अर्थाचं त्याचं वाक्य तर भित्तिपत्रकांवर असतं. पण एका वाक्यावर भरवसा ठेवला की बाकीचं पुस्तक दिसेनासं होतं. म्हातारा त्या माशाला भाऊ म्हणतो. भावाला मारणार आहोत याचं त्याला दुःख आहे, आणि मारल्याशिवाय तो राहणारही नाही. शार्क येतात तेव्हा तो स्वतःलाच सांगतो की मी फार दूर गेलो. मग जिद्दीचं काय करायचं? जी जिद्द त्याला थोर करते तीच त्याला प्रमाणाबाहेर नेते आणि त्याच्या हातून त्याच्या भावाचा जीव घेते. थीमच्या वाक्यात ही दोन्ही टोकं हवीत. चांगल्या कलाकृतीची थीम सहसा अशी दुहेरी असते. 'जिद्द चांगली' किंवा 'जिद्द वाईट' असं एका बाजूला झुकलेलं उत्तर आलं की मी मुलांना पुन्हा पुस्तक उघडायला लावतो.

याच पुस्तकात एक परिच्छेद आहे जो मालवणकडच्या मुलांना वेगळ्यानं समजावा लागत नाही. म्हातारा समुद्राकडे एखाद्या बाईकडे बघावं तसं बघतो, जी कधी देते, कधी हात आखडते. गावातले काही तरुण मच्छीमार मात्र समुद्राला प्रतिस्पर्धी समजतात. ते तरुण कोण? शार्कच्या यकृताला चांगला भाव आला तेव्हा ज्यांनी मोटरबोटी घेतल्या ते. म्हणजे साधन बदललं आणि नातं बदललं. किनाऱ्यावर उभं राहून गावानं मिळून ओढायची रापण आणि मोठा घेर टाकून खालून बंद करायचं पर्ससीन जाळं, यांतला वाद ज्यांनी घरी ऐकला आहे, त्यांना हेमिंग्वे इथे काय म्हणतो आहे ते शहरी समीक्षकाआधी दिसतं. आपल्या अनुभवाचा वाचनात असा उपयोग करावा, जरूर करावा. फक्त एक पथ्य पाळायचं. अनुभव आपल्याला कुठे बघायचं ते दाखवतो, पुरावा मात्र पुस्तकातूनच द्यायचा. 'आमच्या गावात असं असतं' हे उत्तरपत्रिकेत पुरावा म्हणून चालत नाही.

पुरावा चुकीचा वाचला तर काय होतं, हेही हेमिंग्वेनं पुस्तकाच्या अखेरीस दाखवून ठेवलं आहे. किनाऱ्यावर आलेल्या पर्यटकांपैकी एक बाई तो भला मोठा सांगाडा बघून वेटरला विचारते की हे काय. वेटर घडलं ते सांगायच्या प्रयत्नात 'शार्क' म्हणतो, आणि तिला वाटतं हा सांगाडाच शार्कचा. शार्कची शेपटी इतकी देखणी असते हे मला माहीत नव्हतं, म्हणते. मुद्देमाल समोर, सगळी हाडं जागच्या जागी, आणि अर्थ साफ उलटा. ज्यानं खाल्लं त्याचंच नाव खाल्लेल्याला. तारकर्लीच्या मुलांना ही बाई ओळखीची वाटते आणि ती तिला हसतात. हसू द्यावं, पण मग त्यांना विचारावं की आपण सारांश वाचून थीम लिहितो तेव्हा आपणही किनाऱ्यावर उभे राहून एवढंच बघत नाही का?

प्रतीकांबद्दल दोन शब्द. समुद्र म्हणजे जीवन, मासा म्हणजे ध्येय, शार्क म्हणजे टीकाकार, अशी कोष्टकं पाठ करण्याचा मला मनापासून राग येतो. खुद्द हेमिंग्वेनं १९५२ मध्ये कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं की यात कसलंही प्रतीक नाही, समुद्र म्हणजे समुद्र आणि म्हातारा म्हणजे म्हातारा. मग पुस्तकाला थीम नाही का? आहे. लेखकानं नाकारलं म्हणून ती जात नाही, आणि त्यानं मुलाखतीत सांगितली म्हणून ती सिद्धही होत नाही. पण त्याच्या बोलण्यातलं एक घ्यायचं: मासा आधी खरा मासा असला पाहिजे, त्याचं वजन हाताला जाणवलं पाहिजे, तळहात कापणारी दोरी आधी दोरी असली पाहिजे. त्यानंतर जो अर्थ उमटेल तो खरा.

आता सिनेमाकडे. पुस्तकात लेखक सांगतो. सिनेमात कॅमेरा कुठे ठेवला, किती वेळ ठेवला, काय चौकटीबाहेर ठेवलं, कुठे आवाज बंद केला, यातून सांगणं होतं. सिनेमाची थीम फक्त संवादांतून शोधणारा विद्यार्थी अर्धाच सिनेमा बघत असतो. यावर एक चांगला व्यायाम आहे. एकच प्रसंग तीनदा बघायचा. एकदा नेहमीसारखा. एकदा आवाज बंद करून, म्हणजे उजेड, चेहरे, अंतरं दिसतात. एकदा पडद्याकडे पाठ करून, म्हणजे वारा, पावलं, शांतता ऐकू येते. तिन्ही वेळा काय नवं कळलं ते लिहायचं. यासाठी प्रोजेक्टरची गरज नाही, एक मोबाईल आणि चारपाच डोकी पुरतात.

हेमिंग्वेच्या त्याच पुस्तकावरचे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर फरक लख्ख दिसतो. १९५८ मधल्या चित्रपटात स्पेन्सर ट्रेसी म्हातारा झाला आहे, आणि निवेदनाचा आवाजही त्याचाच. पुस्तकातली वाक्यं चित्रावर वाचली जातात. म्हाताऱ्याला काय वाटतं ते आपल्याला कानांनी कळतं. माझ्या मते तिथे सिनेमा पुस्तकावर फार रेलतो. उलट रशियाच्या अलेक्सांद्र पेत्रोव्हनं १९९९ मध्ये केलेली सुमारे २० मिनिटांची फिल्म बघा. काचेवर तैलरंगांनी, बरंचसं बोटांच्या टोकांनी, एकेक चित्र रंगवून ती केली आहे. अशी २९ हजारांहून जास्त चित्रं लागली, आणि तिला ऑस्कर मिळालं. तिच्यात म्हाताऱ्याला एक दृश्य दिसतं: तो आणि मार्लिन पाण्यातून, आकाशातून बरोबरीनं पोहत आहेत. पुस्तकात 'भाऊ' हा एक शब्द आहे. पेत्रोव्हनं तो शब्द उच्चारण्याऐवजी दोघांना एका लयीत पोहायला लावलं. ओला रंग एका चित्रातून दुसऱ्या चित्रात सरकतो, त्यामुळे पाणी, मासा आणि माणूस यांच्या कडा एकमेकांत मिसळतात. तंत्रच थीम झालं आहे. परीक्षेत 'सिनेमॅटिक टेक्निक' या मथळ्याखाली क्लोजअप, लाँग शॉट अशी नावांची यादी लिहिण्यापेक्षा असं एक निरीक्षण शंभरपट मोलाचं.

मराठीतलं उदाहरण हवं असेल तर संदीप सावंत यांचा 'श्वास' घ्या, २००४ मध्ये प्रदर्शित झालेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरांना दाखवायला आणतात. डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. डॉक्टरांचा आग्रह आहे की शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगितलं पाहिजे. सांगायचं कुणी आणि कसं, यावर सिनेमा उभा आहे. मग आजोबा कुणालाही न सांगता मुलाला हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात, जग बघून घ्यायला. 'आजोबा-नातवाचं प्रेम' हा विषय झाला. थीम शोधायची तर विचारा की या सिनेमात माया सत्य लपवण्यात आहे की सत्य सोसायला सोबत करण्यात. आणि बघताना स्वतःकडेही लक्ष ठेवा. त्या फेरफटक्यात रस्त्यावरची साधी गोष्टसुद्धा आपण शेवटचं बघितल्यासारखी बघायला लागतो. सिनेमानं आपल्याला त्या मुलाच्या जागी आणून ठेवलेलं असतं.

पुस्तक आणि सिनेमा यांची सरमिसळ मात्र टाळा. बारावीच्या पुस्तकात ज्यूल व्हर्न यांच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'चा भाग आहे. या कादंबरीत फिलिअस फॉग बलूनमधून प्रवास करतच नाही. बलून आलं ते १९५६ च्या चित्रपटामुळे, आणि मग ते मुखपृष्ठांवर जाऊन बसलं. कादंबरीतला फॉग आगगाडी, आगबोट, बर्फावरची घसरगाडी आणि हिंदुस्थानात रेल्वे अपुरी निघाली तेव्हा हत्ती यांवरून जातो. हा फरक वरवरचा वाटेल, पण थीमला थेट भिडतो. कादंबरी वेळापत्रकांची आहे. घड्याळावर जगणारा माणूस सगळी गणितं मांडतो, तरी आपण पैज हरलो अशी त्याची खात्री होते. वाचवतो तो पूर्वेकडे जाताना मिळालेला एक दिवस, जो त्यानं मोजलाच नव्हता. बलूनचा त्या हिशेबाशी काही संबंध नाही, बलून म्हणजे डोळ्यांची मौज. पुस्तकावरच्या उत्तरात सिनेमातला पुरावा आला की परीक्षकाला लगेच कळतं.

लिहिताना काय करायचं? विचार मराठीत करा, बिनधास्त. मालवणीत करा. मनातलं वाक्य पक्कं झाल्यावर इंग्रजीकडे वळा, म्हणजे शब्दकोशातले जड शब्द शोधायची वेळ येत नाही. पहिल्या वाक्यात थीम पूर्ण वाक्यात. मग पहिला पुरावा, त्यातल्या तीनचार शब्दांचं अवतरण, आणि लगेच त्या अवतरणातून तुमचं म्हणणं कसं निघतं ते. हा शेवटचा दुवाच बहुतेक उत्तरांत गायब असतो. अवतरण देऊन मुलं मोकळी होतात, जणू ते आपोआप बोलेल. नंतर दुसरा पुरावा, शक्यतो पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीचा: पहिला वस्तूचा असेल तर दुसरा एखाद्या निर्णयाचा. शेवटी तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एखादी जागा पुस्तकात असेल तर ती लपवू नका, तिचा उल्लेख करून उत्तर द्या. साहित्याबद्दल इंग्रजीत लिहिताना प्रेझेंट टेन्स वापरतात: सँटियागो दूर जातो, मॉर्या काठी घेते. आणि लेखक 'प्रूव्ह' करतो असं लिहू नका. 'शोज', 'सजेस्ट्स' ही क्रियापदं पुरेशी आहेत, जास्त प्रामाणिकही आहेत.

सुरुवात करायची असेल तर सिंगच्या एकांकिकेपासून करा. कॉपीराइट केव्हाच संपला आहे, इंटरनेटवर मोफत मिळते, आणि मोठ्यानं वाचली तर जोडतासाच्या आत संपते. आयरिश वळणाची इंग्रजी पहिल्या पानावर अडते, दुसऱ्या पानापासून कानाला सवय होते. भूमिका वाटून घ्या. एकाला वाचायला देऊ नका. त्यानं फक्त वही घेऊन बसायचं आणि कोणती वस्तू कुणाच्या हातात कधी गेली एवढंच टिपायचं. वाचन संपलं की आधी त्याची वही वाचा, मग चर्चा.